जंबुद्वीपातला सर्वोत्तम फोन
एकच प्रणाली, अनेक कंपन्या आणि निवडीचा निकष

मुंबई-पुणे लोहमार्गावर लोणावळ्याच्या पुढे मळवली हे लहानसे स्थानक लागते. स्थानकाच्या उत्तरेला कार्ल्याचा डोंगर, दक्षिणेला भाज्याचा. दोन्हीकडे बौद्ध लेणी, दोन्हीकडे चैत्यगृह. खडक तोच, सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट. आराखडाही तोच: लांबट दालन, त्याचे टोक अर्धवर्तुळाकार, दोन्ही बाजूंनी खांबांच्या रांगा, शेवटी स्तूप आणि वर लाकडी बांधणीची आठवण ठेवणारे कमानदार छत. भाजे इसवी सनापूर्वीचे, कार्ल्याचे चैत्यगृह त्यानंतरचे. एका आराखड्यावर वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या दात्यांच्या पैशांतून झालेली ही दोन कामे आहेत.

आता आजच्या पद्धतीने त्यांचा तुलनात्मक तक्ता मांडून पाहा. लांबी : कार्ले सुमारे ३८ मीटर, भाजे सुमारे १८. खांब : कार्ले ३७, भाजे २७. शिल्पांकित स्तंभशीर्षे : कार्ल्यात आहेत, भाज्याच्या चैत्यगृहात नाहीत. दर्शनी भिंत : कार्ल्याची दगडी आणि शाबूत, भाज्याची लाकडी होती, ती नाहीशी झाली. प्रत्येक रकान्यात कार्ले पुढे. तरीही भाज्याला जाऊन आलेला अभ्यासक हा तक्ता बाजूला ठेवील. भाज्याचे आत कललेले साधे अष्टकोनी खांब आणि उघडा पडलेला अंतर्भाग पाहिला की लाकडातून दगडात येताना कारागिरांनी काय राखले आणि काय सोडले ते कळते. तक्त्यातले आकडे खरेच असतात, पण प्रश्नाचे उत्तर त्यांच्यात नसते, कारण प्रश्न काय आहे हेच तक्ता विचारत नाही.

कार्ल्याच्या व्हरांड्यात एक कोरीव लेख आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असा त्याचा आशय. ‘आपल्या वर्गात सर्वोत्तम’ हे जाहिरातीचे वाक्य मावळात निदान १९ शतके जुने आहे, असे म्हणायला हरकत नाही. दिवाळीच्या तोंडावर मळवलीहून लोणावळ्याच्या किंवा तळेगावच्या बाजारात फोन घ्यायला निघालेल्या माणसाला हेच वाक्य दहा कंपन्यांकडून ऐकावे लागते. त्या दहाही फोनांत आत अँड्रॉइडच असते. मग हा माणूस निवड नेमकी कशाची करतो, आणि ती करायला त्याला मराठीत लिहिलेल्या परीक्षणांची किती मदत होते, हा या लेखाचा विषय आहे.

लेखाचा दावा थोडक्यात असा. प्रणाली एकच असली की कंपन्या ज्या गोष्टींवर स्पर्धा करतात, त्या म्हणजे कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, रॅम, पडद्याची लकाकी, यांतला फरक एका किमतीच्या फोनांत बहुधा किरकोळ असतो. खरा फरक दोन ठिकाणी असतो आणि दोन्ही ठिकाणे दुकानाच्या काउंटरवर दिसत नाहीत. फोनचा पाया किती वर्षे राखला जाणार, हे पहिले. तो फोन आपल्या भाषेशी कसा वागतो, हे दुसरे. आपल्याकडची परीक्षणे या दोन्हींबद्दल जवळजवळ गप्प असतात.

तीन जुळी भावंडे

हा प्रश्न स्वच्छ स्वरूपात पाहायचा तर ११ वर्षे मागे जावे लागेल. १५ सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने भारतात ‘अँड्रॉइड वन’ ही योजना सुरू केली. एकाच दिवशी तीन भारतीय कंपन्यांचे तीन फोन आले : मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास ए वन, कार्बनचा स्पार्कल व्ही आणि स्पाइसचा ड्रीम युनो. तिन्हींची किंमत ६,४०० रुपयांच्या आसपास. तिन्हींत मीडियाटेकची तीच चिप, साडेचार इंचांचा तोच पडदा, १ जीबी रॅम, ४ जीबी साठवण, मागे ५ आणि पुढे २ मेगापिक्सेलचे कॅमेरे, दोन सिमकार्डांची सोय. प्रणाली अर्थात तीच आणि तिच्यावर कंपनीचे कोणतेही आवरण नाही. अपडेट थेट गूगल पाठवणार.

फरक उरला तो नावात, रंगात, खोक्यात आणि विक्रीच्या ठिकाणात. तिन्ही फोन आधी ऑनलाइन विकायला आले आणि प्रत्येकाने वेगळे संकेतस्थळ धरले. समीक्षकाच्या दृष्टीने ही प्रयोगशाळेतली परिस्थिती होती. सगळे घटक स्थिर, फक्त ब्रँड बदलता. अशा वेळी ‘तिघांत चांगला कोणता?’ या प्रश्नाला अर्थ उरत नाही, आणि तरी त्या वेळच्या परीक्षणांत तो विचारला जात होता. खोक्यासोबत काय मिळते, पाठ कशी दिसते, कोणाची सेवाकेंद्रे जास्त, यांवर उत्तरे दिली जात होती. त्यांतला सेवाकेंद्राचा मुद्दा खरा होता. बाकीचे, फरक नाही तिथे फरक शोधण्याच्या सवयीतून आलेले.

योजनेत आणखी एक तपशील होता, तो मात्र फारसा चर्चिला गेला नाही. एअरटेलचे सिम वापरणाऱ्याला पहिले सहा महिने प्रणालीचे अपडेट मोफत उतरवता येणार होते, शिवाय महिन्याला २०० एमबीपर्यंत ॲप उतरवण्याचे पैसे पडणार नव्हते. जिओ यायला अजून दोन वर्षे होती. डेटा महाग होता, आणि अपडेट म्हणजे खर्च. फोन स्वस्त करून भागत नाही, तो पुढे चालू ठेवणेही स्वस्त हवे, हे त्या एका सवलतीमागचे भान होते.

आवरण नवे, पाया जुना

त्याच महिन्यात, २ सप्टेंबर २०१४ ला, शाओमीचा रेडमी वन एस ५,९९९ रुपयांना विकायला आला आणि काही सेकंदांत हजारो फोन संपले. तक्ता मांडला तर तो तिन्ही भावंडांना सहज मागे टाकत होता. पडदा मोठा आणि अधिक रेखीव, कॅमेरा ८ मेगापिक्सेलचा, साठवण दुप्पट, किंमत मात्र कमी. लोकांनी तक्ता वाचला आणि रेडमी निवडला. त्यांना दोष देता येणार नाही, कारण त्यांच्या हाती तेवढीच माहिती होती.

पुढे काय झाले ते निकषाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. अँड्रॉइड वनच्या पहिल्या तिन्ही फोनांना अँड्रॉइड ५ आणि त्यानंतर ६ या आवृत्त्या मिळाल्या. रेडमी वन एस अधिकृतपणे ४.४ च्या पुढे गेला नाही. त्याला अपडेट मिळत नव्हते असे नाही. शाओमीचे ‘मीयूआय’ हे आवरण नव्या नव्या आवृत्त्यांत येत राहिले. वापरणाऱ्याला दर वेळी नवे चिन्ह, नवा रंग, नवी मांडणी दिसे आणि आपला फोन ताजा आहे असे वाटे. खालचा पाया मात्र २०१३ चाच होता.

हा भेद समजून घ्यायला अँड्रॉइडची रचना थोडी उलगडावी लागते. सर्वांत खाली लिनक्सचा गाभा आणि त्या त्या चिपला चालवणारी आज्ञावली. त्यावर अँड्रॉइडचा मुक्त भाग. त्यावर गूगलच्या सेवा : नकाशे, प्ले स्टोअर, शोध वगैरे. आणि सर्वांत वर फोन कंपनीचे आवरण. आपण रोज हात लावतो तो हा शेवटचा थर. सुरक्षितता मुख्यत्वे खालच्या थरांवर ठरते आणि ॲपांचे आयुष्यही. ॲप लिहिणारा आपले ॲप किमान कोणत्या आवृत्तीवर चालेल ते ठरवतो, आणि दर काही वर्षांनी ती मर्यादा वर सरकवतो. १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ४.४ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना रजा दिली. म्हणजे कागदोपत्री, तक्त्यात हरलेली तीन भावंडे त्या तारखेनंतरही यादीत राहिली आणि जिंकलेला फोन बाहेर पडला. ११ वर्षांपूर्वीच्या फोनची बॅटरी आज कोणाकडे शाबूत असेल ही शंका रास्त आहे, पण मुद्दा तत्त्वाचा आहे.

याच्या विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे. अपडेट म्हणजे निखळ वरदान नव्हे. अँड्रॉइड वनच्या ४ जीबी साठवणीतली बरीच जागा प्रणालीच खात असे, आणि नवी आवृत्ती आली की कमी ताकदीच्या चिपवर फोन अडखळे. दुबळ्या यंत्राला नव्या आवृत्तीचे वचन देणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवा नांगर जुंपणे, अशी टीका तेव्हा करता आली असती आणि ती चुकीची ठरली नसती. म्हणूनच ‘किती आवृत्त्या मिळणार’ हा आकडाही एकटा घेऊन चालत नाही. त्या पेलण्याइतकी रॅम आणि साठवण आहे का, हे सोबत पाहावे लागते. रॅमचा आकडा इथे अर्थपूर्ण होतो, कारण आता त्याला प्रश्न मिळाला.

गेल्या दोन-तीन वर्षांत हा विषय कंपन्यांनी स्वतःच पुढे आणला. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी एस २४ ला तेवढेच. हे महाग फोन. त्याच वर्षाअखेरीस सॅमसंगच्या गॅलॅक्सी ए १६ या मध्यम किमतीच्या ५जी फोनला सहा वर्षांचे वचन मिळाले, ही आपल्या बाजारासाठी जास्त मोलाची घटना होती. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून हा प्रश्न कंपन्यांच्या मर्जीवर ठेवला नाही. मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीचे अपडेट आणि सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, असा तिथला नियम आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आहे, पण खोक्यावर ‘अमुक वर्षापर्यंत अपडेट’ असे ठळक छापण्याची रीत नाही. औषधाच्या पट्टीवर मुदत असते, बिस्किटाच्या पुड्यावर असते. दहा-पंधरा हजारांच्या यंत्राला मात्र मुदत असूनही ती छापलेली नसते.

दऱ्या की दर्या?

दुसरा निकष भाषेचा. याबाबत एकाच प्रणालीच्या फोनांत एके काळी जमीन-अस्मानाचा फरक होता, हे आज विसरले गेले आहे. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीची सोय नव्हती. मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. काही कंपन्यांनी आपल्या फोनांत देवनागरी स्वतः बसवली होती, काहींनी नव्हती. ज्यांच्याकडे नव्हती ते वाचक ऑपेरा मिनी या ब्राउझरचा आडमार्ग घेत. त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये एक पर्याय असे. तो चालू केला की देवनागरी अक्षरांची चित्रे येत आणि वर्तमानपत्र वाचता येई. मराठी वाचकांच्या एका पिढीने फोनवरचे पहिले मराठी असे चित्ररूपात वाचले. त्या काळी ‘हा फोन मराठी दाखवतो का?’ हा दुकानातला खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर कंपनीगणिक बदलत होते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५ मध्ये मराठी ही प्रणालीची भाषा झाली. बंगाली, कन्नड, मल्याळम, तमिळ, तेलुगू, नेपाळी याही त्याच वेळी आल्या. त्यानंतर ‘मराठी दिसते’ हा मुद्दा संपला असे सर्वांनी धरले आणि परीक्षणांतून भाषा हा विषयच गेला. तो संपलेला नाही, हे मावळातल्या कोणत्याही गावाचे वर्णन फोनवर लिहू पाहिले की लक्षात येते.

सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ आणि कोकणाचा ‘दर्या’ हे मराठीतले दोन वेगळे शब्द आहेत. फरक अर्ध्या ‘र’चा. हिंदीला या भेदाची गरज नाही, म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या कळफलकावर हा ‘ऱ्’ आडबाजूला पडतो, आणि रोमन अक्षरांतून मराठी लिहायच्या कळफलकावर दोन्ही शब्दांचे रोमन रूप एकच होते. घाईत लिहिणारा समोर येईल तो पर्याय स्वीकारतो आणि लोहगड-विसापूरच्या मध्ये समुद्र उसळतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याने’, ‘सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या शेजाऱ्यांकडे’ असल्या रोजच्या लेखनात हा अर्धा ‘र’ सतत लागतो.

याहून खोल अडचण डोळ्यांना दिसत नाही. युनिकोडमध्ये हा अर्धा ‘र’ दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ते वेगळे शब्द असतात. ‘ॲ’चेही तसेच. २००८ मध्ये युनिकोडने त्याला स्वतंत्र क्रमांक दिला, पण ‘अ’वर चंद्र ठेवून तो जोडाक्षरासारखा लिहिण्याची जुनी रीत चालूच राहिली. परिणाम असा की एका कळफलकावर लिहिलेली नोंद दुसऱ्या कळफलकावरून शोधली तर सापडेलच असे नाही. गावाच्या ग्रंथालयाने सूचीचे काम वाटून घेतले, तिघांनी तीन फोनांवर नोंदी केल्या, तर ‘किनाऱ्यावर’ हा शब्द असलेली पुस्तके एका शोधात सगळी येतील याची खात्री नाही. अक्षर दिसते पण सापडत नाही. मराठी मजकुराचा साठा जसजसा फोनवर तयार होतो आहे तसतसे हे नुकसान साचत जाते.

अक्षरांच्या आकाराचीही एक बाजू आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवली आणि १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयाने तिची पुन्हा मांडणी केली. त्यात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हे मराठी आकार धरले आहेत. फोनवर मात्र ‘मळवली’तला ‘ल’ बहुधा हिंदी वळणाचा दिसतो. यात तांत्रिक असाध्यता नाही. आजच्या अक्षरसंचांत एकाच अक्षराचे दोन आकार ठेवता येतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले की मराठी आकार वर येईल अशी व्यवस्था करता येते. अक्षरसंचात तो आकार हवा आणि ॲपने भाषा सांगायला हवी, एवढेच. कंपनीने ते केले आहे का, हे दोन मिनिटांत तपासता येते. परीक्षणात ते कधी तपासलेले दिसत नाही.

कळफलकाच्या बाबतीत मराठीत संशोधन झालेले नाही असेही नाही. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राने ‘स्वरचक्र’ हा कळफलक तयार केला. व्यंजनाभोवती स्वरांचे चक्र उमटते आणि बोट सरकवून ‘क’चा ‘की’ किंवा ‘को’ करता येतो. रोमन लिपी न येणाऱ्याला थेट मराठीच्या रचनेतून लिहू देणारी ही कल्पना होती. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी उभी केलेली ‘इंडस ओएस’ ही अँड्रॉइडवरच आधारलेली प्रणाली २०१५ पासून मायक्रोमॅक्सच्या काही फोनांत भारतीय भाषा घेऊन आली. २०२१ च्या दिवाळीत, ४ नोव्हेंबरला, जिओ आणि गूगलने ६,४९९ रुपयांचा जिओफोन नेक्स्ट आणला. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणे आणि त्याचा अनुवाद करणे ही त्याची सांगितलेली वैशिष्ट्ये होती. हे तिन्ही प्रयत्न भाषेला निवडीचा मुद्दा बनवू पाहत होते. बाजाराने तो मानला नाही. त्याला एक कारण असे की, या बाबतीत कोण पुढे आणि कोण मागे हे सांगणारी समीक्षाच नव्हती. चांगल्या कामाचे कौतुक होत नसेल तर ते काम पुढच्या वर्षी बंद पडते.

नियम आहे, तो मात्र किमान मर्यादेचा. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६३३३ (भाग ३) : २०१६ या मानकानुसार भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर २२ भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे. ती आणखी एक भाषा मराठीच असावी असे बंधन त्यात नाही. अंमलबजावणीची तारीखही पुढे ढकलावी लागली. मानक ‘दिसते का’ एवढे विचारते. ‘नीट लिहिता येते का, शोधल्यावर सापडते का’ हे समीक्षकाने विचारायचे असते.

बांधावरचा निकष

भाषेचा आणि अपडेटचा मुद्दा शहरी सोस वाटू नये, म्हणून मावळातल्या भातखाचरापाशी येऊ. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. पूर्वी तलाठ्याने करायची पिकाची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः ॲपमधून करायची. पिकाचा फोटो शेतातूनच काढायचा आणि त्याच्यासोबत जागेचे अक्षांश-रेखांश जायचे. सातबारावरची पिकाची नोंद, पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची भरपाई, हमीभावाने विक्री या सगळ्यांचा धागा या नोंदीशी बांधला गेला.

याचा अर्थ असा की इंद्रायणी भात लावणाऱ्या शेतकऱ्यासाठी फोन हे आता सरकारी कामाचे अवजार आहे. त्याच्या निकषांचा तक्ता जाहिरातीतल्या तक्त्याशी जुळत नाही. सेल्फीचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा याला त्याच्या लेखी किंमत नाही. जागेचा ठाव किती लवकर आणि किती अचूक लागतो, याला आहे. भर पावसात, ओल्या बोटाने पडदा ऐकतो का, याला आहे. जागेचा ठाव उपग्रहांवरून लागतो, त्याला मोबाइलचे जाळे लागत नाही. पण नोंद पाठवायला जाळे लागते, आणि डोंगराच्या कुशीतल्या वाडीत क्षीण संदेश पकडण्याची फोनची ताकद हा खरा गुण ठरतो. हा गुण अँटेनावर आणि मोडेमवर अवलंबून असतो. परीक्षणात त्याला एक ओळही मिळत नाही, कारण परीक्षण शहरातल्या पूर्ण जाळ्यात लिहिले जाते.

एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, म्हणून ज्या घरात बरा फोन आहे ते घर भावकीचे नोंदणीकेंद्र होते. त्या एका फोनचा पाया जुना झाला आणि ॲपची नवी आवृत्ती त्यावर उतरेना, तर अडचण एका माणसाची राहत नाही. आणि शेतकऱ्याने शेताचे वर्णन स्वतःच्या मराठीत लिहिले, गट क्रमांक, पिकाचे नाव, शेजाऱ्याचे नाव, तर ते पुढे सापडले पाहिजे. अपडेट आणि भाषा हे दोन्ही निकष बांधावर एकत्र येतात ते असे.

सारखेपणा कोणी ठरवला?

‘प्रणाली एकच आहे’ हे आपण नैसर्गिक सत्य असल्यासारखे बोलतो. तो करारांतून घडलेला सारखेपणा आहे. ५ नोव्हेंबर २००७ रोजी अनेक कंपन्यांच्या संघाने अँड्रॉइड जाहीर केले तेव्हा ती मुक्त प्रणाली होती, गाभा आजही मुक्त आहे. पण प्ले स्टोअर हवे तर गूगलचा अख्खा ॲपसंच फोनमध्ये आधीच बसवून द्यायचा, अशी अट निर्मात्यांवर होती. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी या व अशा अटींवर बोट ठेवून गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतापुरते काही बदल जाहीर केले : निर्मात्यांना ॲप सुटे घेता येतील, आणि शोधयंत्र निवडण्याचा पर्याय वापरणाऱ्याला मिळेल. मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, आयोगाचे काही निर्देश मात्र रद्द केले.

दुसरीकडे, प्रतिस्पर्धी म्हणून समोरासमोर मांडलेली सगळीच नावे एकमेकांना परकी नाहीत. ओप्पो, विवो, वनप्लस, रिअलमी यांची मुळे एकाच चिनी उद्योगसमूहाच्या परिवारात आहेत. रिअलमी २०१८ मध्ये ओप्पोच्याच पोटातून निघाली, आणि वनप्लसने २०२१ मध्ये आपल्या आवरणाचा पाया ओप्पोच्या आवरणाशी एक केला. शाओमी, रेडमी, पोको ही एका घराची नावे. दुकानाच्या भिंतीवर दहा पाट्या असतात, पण घरे त्याहून कमी. निवड करणाऱ्याने हे जाणले तर दोन पाट्यांमधल्या फरकावर संध्याकाळ घालवण्याऐवजी तो घराच्या सवयींकडे पाहील : हे घर जुन्या फोनला किती काळ वाऱ्यावर सोडत नाही?

परीक्षणाचे परीक्षण

मराठीत फोनची परीक्षणे भरपूर येतात. त्यांतली बरीचशी कंपनीच्या माहितीपत्रकाचा अनुवाद असतात : आकडे, विशेषणे आणि शेवटी ‘या किमतीत उत्तम पर्याय’. पुस्तकाचे परीक्षण पानांची संख्या, कागदाची जाडी आणि बांधणी सांगून संपवले तर या अंकाचा वाचक ते परत पाठवील. फोनच्या बाबतीत तेच आपण चालवून घेतो. याचे कारण मला असे दिसते की वस्तूची समीक्षा ही समीक्षाच नव्हे, अशी आपली समजूत आहे. साहित्यव्यवहाराने तंत्रज्ञानाकडे एकतर कौतुकाने पाहिले, नाहीतर वाचनसंस्कृतीच्या मारेकऱ्याकडे पाहावे तसे. त्याच्याकडे हातातल्या लेखणीसारखे, म्हणजे निब कसे आहे आणि शाई किती टिकते असे पाहिले नाही. पण मराठीत आज जे लिहिले जाते त्याचा फार मोठा भाग याच यंत्रावर लिहिला जातो. पत्रे गेली, त्यांच्या जागी आलेले संदेश इथेच आहेत. उद्या त्या संदेशांतून कोणी भाषेचा अभ्यास करील तेव्हा त्याला कळफलकाने सुचवलेली मराठी मिळेल की माणसाने लिहिलेली, हे आजच्या निवडींवर ठरते.

म्हणून परीक्षणाने आणि ग्राहकाने काउंटरवर करायच्या काही साध्या तपासण्या इथे मांडतो. फोनची भाषा मराठी करून पाहावी. आवरणाचे आणि प्रणालीचे मराठी एकमेकांशी जुळते का, की एक ओळ मराठी आणि पुढची इंग्रजी, हे लगेच कळते. मग सोबत आलेल्या कळफलकावर ‘मावळातल्या दऱ्या’, ‘ॲप’, ‘दुसऱ्याच्या’ हे शब्द लिहावेत. किती खटाटोप पडतो ते मोजावे. तेच शब्द दुसऱ्या कळफलकावर लिहून शोधून पाहावेत. दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत : हे मॉडेल पहिल्यांदा विकायला कधी आले, आणि सुरक्षेचे अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? अपडेटची वर्षे बहुधा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. त्यामुळे सवलतीत मिळणाऱ्या दोन वर्षे जुन्या फोनची खरी किंमत पाटीवरच्या किमतीपेक्षा जास्त असते. भरायच्या रकमेला उरलेल्या वर्षांनी भागावे. पंधरा हजारांचा फोन पाच वर्षे राखला जाणार असेल तर वर्षाला तीन हजार पडतात, दहा हजारांचा फोन दोनच वर्षे राखला जाणार असेल तर पाच. हा भागाकार कोणत्याही जाहिरातीत नसतो.

या तपासण्यांना उत्तरे मिळाली नाहीत, तर तेही परीक्षणात लिहावे. ‘कंपनीने मुदत सांगितलेली नाही’ हे वाक्य मेगापिक्सेलच्या ओळीपेक्षा वाचकाच्या जास्त कामाचे आहे. असे वाक्य वारंवार छापले जाऊ लागले तर ते कंपन्यांच्या नजरेला येईल. मराठी माणूस अर्धा ‘र’ पाहून फोन घेतो, हे एकदा विक्रीच्या आकड्यांत उमटले की तो ‘र’ कळफलकावर समोर यायला पुढची आवृत्तीही लागणार नाही.